वॉर्डातल्या आजी चालत घरी जाव्यात म्हणून : जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं ट्रस्टचं रुग्णालय. स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, २४ खाटा. मी या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. मे महिन्यात न्यूमोनियासाठी आलेल्या एका आजींचा मुलगा डिस्चार्जच्या दिवशी स्ट्रेचरला हात लावून माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "सिस्टर, आई चालत आली होती." ताप उतरला होता, एक्स-रे साफ होता. नऊ दिवसांत आजी मात्र अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यानंतर आम्ही काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवते आहे. आपल्या वॉर्डात कुणाला हेच करायचं असेल, तर आमच्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत.

माणसं इतकीच: मी, फिजिशियन सर, अर्धा दिवस येणाऱ्या फिजिओ मॅडम, वॉर्डातल्या दोन मावशी आणि ड्यूटीवर असतील त्या सिस्टर. वेगळा निधी नाही.

३ जून, सोमवार

आधी मोजायचं ठरवलं. ६५ च्या पुढच्या प्रत्येक आजींबद्दल दोन गोष्टी वहीत लिहायच्या: आजारी पडण्याआधी चालत होत्या का, आणि घरी जाताना चालतात का.

१० जून

वही निरुपयोगी. एकीनं 'चालते' लिहिलंय, दुसरीनं 'आधाराने', तिसरीनं 'ठीक'. एका आजींपुढे नाइटला 'चालते' लिहिलेलं, कारण आदल्या पानावर तसं होतं. आठवडा वाया गेला. प्रश्न बदलला: "स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाऊन येतात का?" काठी चालेल, शेजारून कुणी चाललं तरी चालेल. उचलून नेलं तर नाही. हा प्रश्न घरच्यांनाही नेमका कळतो, उत्तर द्यायला कुणी अडखळत नाही.

२४ जून

दोन आठवड्यांची मोजणी. २२ आजी. त्यांतल्या १७ जणी घरी स्वतः संडासला जात होत्या. डिस्चार्जच्या दिवशी ९. म्हणजे आठ जणींचे पाय आमच्या वॉर्डात गेले.

सरांना आकडे दाखवले. त्यांनी २००७ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. १२ धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर दोन्ही पायांचं मिळून जवळजवळ एक किलो मांस झडलं. त्यांना ताप नव्हता, सलाइन नव्हतं, पोटभर जेवण होतं. आमच्या आजी तर आधीच पंचेचाळीस किलोच्या.

२७ जून

घाईत केलेली पहिली मोठी चूक. आजींना उठवायला सुरुवात करायची तर पडण्याची भीती, म्हणून आधी सगळ्या खाटांचे कठडे रात्रभर वर ठेवायचा नियम केला. तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, एक आजी पायथ्याकडून कठडा ओलांडताना पडल्या. कपाळाला चार टाके. कठडा नसता तर खाटेच्या उंचीवरून पडल्या असत्या, आता कठड्याच्या उंचीवरून पडल्या. उठायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना कठडा थांबवत नाही, फक्त पडण्याची उंची वाढवतो. त्यांच्या मुलीला मी स्वतः फोन केला, काय झालं ते न लपवता सांगितलं. ती रडली, पण ओरडली नाही. त्याचं मला जास्त लागलं.

कशासाठी उठल्या होत्या? लघवीसाठी. बेल खाटेमागच्या भिंतीवर, हात पोचत नाही. मुलगी खाली जमिनीवर झोपलेली. "तिला कशापायी उठवायचं, दिवसभर राबलीया," हे आजींचं उत्तर.

नियम मागे घेतला. आता एका बाजूचा अर्धा कठडा वर, तोही उठताना धरायला.

१ जुलै

या प्रसंगानंतर प्रत्येक आजींच्या उशाशी बसून विचारलं: संडासला जायला काय अडचण वाटते? दोन दिवस लागले. उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली. त्यातलं एक वाचून आम्ही सगळ्याच गप्प झालो: "मी पाणीच पीत न्हाई बघ. पाणी पिलं की सारखं उठायला लागतंय." अशा एकट्या नव्हत्या, पाच जणी निघाल्या. आम्ही सलाइन लावतो, बीपी का पडलं म्हणून विचार करतो, लघवी कमी झाली म्हणून नळी घालतो. आणि आजी कुणाला त्रास नको म्हणून तहान मारत पडलेल्या असतात.

बाकीची कारणं: फरशी ओली असते. धरायला काही नाही. खाली बसलं तर उठता येत नाही. पायात काही नाही. आणि गाऊन.

४ जुलै

गाऊनवर सविस्तर लिहिते, कारण हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रुग्णालयाचा गाऊन पाठीमागे उघडा, दोन बंद. ज्या बाईनं साठ वर्षं लुगड्याचा पदर डोक्यावरून खाली पडू दिला नाही, ती पुरुष नातेवाईक बसलेल्या वॉर्डातून पाठ उघडी टाकून चालेल कशी? ती पडूनच राहणार. आम्ही केसपेपरवर 'सहकार्य करत नाहीत' असं लिहीत होतो. ते शब्द मी स्वतः लिहिलेले आहेत.

मेट्रन मॅडमना विचारून ६५ च्या पुढच्यांना घरचे कपडे घालायची परवानगी मिळवली. अट अशी की रोज बदलायचे, सुती असायचे.

८ जुलै

लुगडं जमलं नाही. नऊवारी नेसायला ताकद लागते, सुटलं तर पायात येतं, ईसीजीच्या वेळी सगळं सोडावं लागतं. एक आजी काष्ट्यात पाय अडकून धडपडल्या, मावशींनी वेळेवर धरलं. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून दहा गाऊन शिवून घेतले: पुढून बटणं, घोट्याच्या वर चार बोटं लांबी, बाह्या सैल म्हणजे सलाइनचा हात सहज जातो. वर डोक्यावरून घ्यायला सुती पंचा. एका नगाला कापडासकट ३४० रुपये, दहाचे ३,४००. पहिल्या दोन नगांची बटणं फार बारीक होती, सांधे सुजलेल्या बोटांना लागेनात. मोठी बटणं लावून घेतली.

दुसऱ्याच दिवशी, न सांगता, तीन आजी उठून खिडकीपाशी गेल्या.

११ जुलै

चपला. वॉर्डाबाहेर चपला काढायचा नियम आमचाच. रुग्णही त्यातच आल्या, म्हणजे आजी ओल्या संडासात अनवाणी. नियम पाहुण्यांपुरता ठेवला. घरून मागचा पट्टा असलेली, तळ झिजलेला नसलेली चप्पल आणायला सांगतो. हवाई चप्पल नको, ती पायातून निसटते.

फरशी पुसण्याची वेळ सकाळी सहा, आणि सगळ्या आजींची उठण्याची वेळही सहा. मावशींशी बोलले. त्यांनीच तोड काढली: आधी अर्धी बाजू, ती वाळली की दुसरी, संडासाची मार्गिका साडेसातनंतर. एक पैसा लागला नाही. इतकी वर्षं कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आज आमच्या हातून गंभीर चूक झाली. मधुमेहाच्या आजी, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे दिली. दुपारी साडेचारला घामाघूम, असंबद्ध बोलणं. साखर ४६. ताबडतोब शिरेतून ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांत शुद्धीवर आल्या. सकाळपासून दोन घोट चहा आणि एक केळं. नाश्त्याचं ताट सुनेनं खाल्लं होतं, वॉर्डाच्या वहीत मात्र 'नाश्ता घेतला'. आजी म्हणाल्या, "वारीला जायचं हुईना, निदान उपास तरी." त्यांना दोष कसा देणार? पंचांग आमच्याही भिंतीवर आहे. आदल्या दिवशी विचारायचं काम आमचं होतं.

भरतीच्या कागदात ओळ वाढवली: कोणकोणते उपास करता? श्रावण येतोय, सोमवार-शनिवार दोन्ही करणाऱ्या आहेत. उपास सोडा असं आम्ही सांगत नाही. उपासाला काय खाणार ते आदल्या रात्री ठरवतो आणि सर गोळी त्याप्रमाणे बदलतात. सरांनी त्या दिवसापासून वयस्करांसाठी या गटातली औषधं कमी केली.

२२ ते ३१ जुलै

संडासाचं काम. तीनपैकी दोन संडासांत आधाराचे दांडे लावले. स्टीलचे चार दांडे, प्रत्येकी ८५०, मजुरी १,२००. एकूण ४,६००. दोन्ही बाबतीत चुकलो.

पहिली चूक उंचीची. फॅब्रिकेशनवाल्या दादांनी स्वतः उभं राहून सोयीची वाटली ती उंची धरली. दादा सहा फुटी. आमच्या आजी पाच फुटांच्याही आत, त्यातून पाठीत वाकलेल्या. दांडा त्यांच्या खांद्याला येत होता. दुसरी चूक पकडीची: टाइलमध्ये प्लॅस्टिकच्या गुट्ट्या ठोकून स्क्रू बसवले. नवव्या दिवशी एक दांडा हातात आला. नशिबानं त्या वेळी धरणाऱ्या मावशी होत्या, आजी नव्हत्या. मग भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी लावली. वर १,८०० गेले. या खेपेला एका आजींनाच खुर्चीवर बसवून, "उठताना हात कुठं टेकता?" असं विचारून खडूनं खूण केली.

भारतीय बैठकीच्या भांड्यावर ठेवायला मधून पोकळ असलेली कमोड खुर्ची घेतली, २,२०० रुपये. वेस्टर्न संडास एक आहे, पण तो सवयीचा नाही म्हणून आजी टाळतात. खुर्ची मात्र चालली. फरशीला उतार असल्यानं ती डुगडुगत होती. दोन पायांच्या रबरी टोप्यांखाली जाड रबराचे तुकडे घातल्यावर स्थिर झाली. बेल लांब वायर लावून उशीपर्यंत आणली, २४ खाटांना १,१००.

याच आठवड्यात पंचगंगेला पूर. रस्ते बंद, चार आजींचे डिस्चार्ज अडकले. त्या चौघी मिळून रोज संध्याकाळी व्हरांड्यातून पाऊस बघायला चालत जाऊ लागल्या. एकीला उठवायला आम्हाला पाच मिनिटं मनधरणी करावी लागते, चौघी एकत्र असल्या की एक शब्द पुरतो. तेव्हापासून चालण्याची वेळ ठरवली: सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, सगळ्यांनी एकदम.

९ ऑगस्ट, नागपंचमी

"तुम्हाला सगळ्यात काय महत्त्वाचं वाटतं?" हा प्रश्न विचारायला सरांनी सांगितला होता. असा विचारला की आजी म्हणतात, "तुमाला म्हाईत." मग मी तो असा केला: "घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय?" आज एक आजी म्हणाल्या, "लेक माहेराला आलीया, तिला ओवाळायचं राहिलं." लेकीला वॉर्डातच बोलावलं, निरांजन लावता आलं नाही, हळदकुंकू केलं. दुसऱ्या एकींचं उत्तर: "म्हशीला पाणी दावायचं." गोठ्याची एक पायरी चढायची आहे, तर फिजिओ मॅडमनी तीच चढण्याचा सराव ठेवला. चालायला का हवं हे आता आम्हाला पटवावं लागत नाही.

१९ ऑगस्ट

भ्रम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा डोक्यातला गोंधळ (डिलिरियम). हा भाग सगळ्यात अवघड गेला आणि अजून पुरता जमलेला नाही.

रात्री एक आजी ओरडत होत्या, सलाइन उपसून काढलं. नाइटला पट्टीनं हात बांधले गेले. सकाळी मी पाहिलं तर मनगटांवर वळ. पोटाला हात लावला तर ओटीपोट टणक. मूत्राशय तुडुंब, नळी घातल्यावर ८०० मिलिलिटर. आदल्या संध्याकाळी अंगाला खाज सुटली म्हणून फेनिरामीनचं इंजेक्शन दिलं होतं. या औषधानं वयस्करांची लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं आणि डोक्यातही गोंधळ होतो. आजी त्रास देत नव्हत्या, त्यांना त्रास होत होता आणि सांगता येत नव्हता. दुपारी शांत झोपल्या. नळी सरांनी दुसऱ्या दिवशी काढायला लावली.

नवी पद्धत: कुणी बडबडायला लागलं की बांधायच्या किंवा झोपेचं इंजेक्शन मागायच्या आधी पाहायचं: लघवी तुंबलीय का, शौचाला कधी झाली, दुखतंय का, साखर, ऑक्सिजन, ताप, आणि गेल्या २४ तासांत कोणतं नवं औषध. हा कागद नर्सिंग टेबलाच्या काचेखाली आहे. हात बांधायचे असतील तर मला किंवा सरांना रात्रीही फोन करायचा. फोन दोनदाच आला, दोन्ही वेळा बांधावं लागलं नाही.

२ सप्टेंबर

भ्रम झालेल्यांपैकी आरडाओरडा करणाऱ्या कळतात. गप्प असणाऱ्या सुटतात. एका आजींबद्दल तीन शिफ्ट 'शांत, तक्रार नाही' लिहिलेलं. सून म्हणाली, "या अशा नाहीत हो, घरी तोंडाचा पट्टा चालू असतो." तपासलं तर रक्तात सोडियम बरंच खाली. तीन शिफ्ट म्हणजे एक अख्खा दिवस. तेव्हापासून घरच्या माणसाला रोज एकच प्रश्न: "आज नेहमीसारख्या आहेत का?"

सरांनी ४एटी नावाची चाचणी आणली. दोन मिनिटांत होते, चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमची शक्यता. त्यात वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष विचारायचं आणि महिने उलटे म्हणायला लावायचे. जन्मतारीख आमच्या निम्म्या आजींना ठाऊक नाही. आधार कार्डावर सगळ्यांची १ जानेवारी. महिने उलटे म्हणजे डिसेंबर, नोव्हेंबर. शाळेत न गेलेल्या बाईला ते सुलटेही येत नाहीत. चाचणी घेतली तर ठणठणीत आजीही नापास.

म्हणून मी माझ्या हुशारीनं प्रश्न बदलले: कोयनेच्या भूकंपाच्या वेळी लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात पोरं केवढी होती? आजी खुलून बोलायच्या. मला वाटलं जमलं. सरांनी एका आजींपाशी नेलं. त्या हवेतल्या माश्या पकडत होत्या, चादर ओढत होत्या आणि दुष्काळात सुकडी खाल्ल्याचं बिनचूक सांगत होत्या. जुनं लख्ख आठवतं, बिघडतं ते आत्ताचं लक्ष. माझे प्रश्न चुकीची गोष्ट मोजत होते. तीन आठवडे आम्ही त्यावर विसंबलो होतो.

आता असं करतो: हे कुठलं ठिकाण, आता सकाळ की संध्याकाळ, आणि वार उलटे म्हणा: शनिवार, शुक्रवार... वार सगळ्यांना येतात, उपासामुळे पक्के असतात. हे आमचं घरगुती रूप आहे, मूळ चाचणीचे गुण त्याला लावायचे नाहीत असं सरांनी बजावलंय. अडखळल्या की सरांना कळवायचं, इतकंच.

११ सप्टेंबर

डोळे आणि कान. चष्मा, कवळी, कानयंत्र 'हरवेल म्हणून' घरी किंवा सुनेच्या पर्समध्ये. दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, आणि आम्ही लिहितो 'गोंधळलेल्या'. प्रत्येक खाटेला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, वर नाव. २४ डबे, ७२० रुपये. पहिल्या महिन्यात एक कवळी कपड्यांबरोबर धुवायला गेली, सापडली नाही. ट्रस्टनं त्या आजींना नवी करून दिली. त्यानंतर डबा खाटेला दोरीनं बांधला.

कानयंत्र नसलेल्यांसाठी सरांची युक्ती: स्टेथोस्कोप आजींच्या कानात घालायचा आणि खालच्या चकतीपाशी हळू बोलायचं. ओरडावं लागत नाही. अख्ख्या वॉर्डाला त्यांच्या शौचाची चौकशी ऐकू जात नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

२३ सप्टेंबर

झोप. पहाटे पाचला रक्ताचे नमुने, दोनला बीपी, चारला इंजेक्शन, दर वेळी ट्यूबलाइट. बरी असलेल्यांचं दोनचं बीपी सरांनी बंद केलं, नमुने साडेसहाला. लॅबनं तीन आठवडे विरोध केला, कारण रिपोर्ट राउंडपर्यंत येत नव्हते. शेवटी फक्त या वॉर्डाचे नमुने आधी लावायचे ठरलं. सलाइन संध्याकाळी आठच्या आत संपवतो, म्हणजे रात्री लघवीला कमी वेळा उठावं लागतं. संडासाच्या वाटेवर जमिनीलगत छोटे दिवे, सहा नग, ५४० रुपये.

याच सुमारास एक चूक सरांच्या हातूनही झाली, त्यांच्या परवानगीनं लिहिते. वयस्करांना झोपेच्या गोळ्या नकोत म्हणून एका आजींची अल्प्राझोलाम भरती होताच बंद केली. आजी ती चार वर्षं रोज घेत होत्या. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाबरगुंडी, रात्रभर जाग. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करावी लागली. आता नातेवाइकांना 'गोळ्यांची पिशवी' घेऊन यायला सांगतो, चिठ्ठी नव्हे, अख्खी पिशवी. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन पाकिटं, दोन डॉक्टरांची, दोन्ही चालू, असं पहिल्याच आठवड्यात दोघींकडे निघालं.

७ ऑक्टोबर

पडून राहिल्यानं पाठीला, टाचांना होणाऱ्या जखमा. थोडक्यात: टाचांखाली पाण्यानं भरलेले हातमोजे ठेवणं बंद, रबरी रिंग बंद, लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर चोळणं बंद. रिंगेच्या कडेलाच रक्तपुरवठा अडतो, आणि चोळल्यानं आतली कातडी आणखी दुखावते. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची. हे मला शिकवायला जड गेलं, कारण वीस वर्षं मीच उलट शिकवत होते. जुन्या सिस्टरना राग आला. मी भांडले नाही. एका आजींच्या दोन्ही टाचांचे चार दिवसांचे फोटो दाखवले, एक मोज्यावरची, एक उशीवरची.

१२ ऑक्टोबर, दसरा

खाटा. साध्या लोखंडी खाटा इतक्या उंच की आजींचे पाय लटकतात. सहा खाटांचे पाय दहा सेंटिमीटर कापले, खाटेला २५० रुपये. पाय जमिनीला टेकले, आजी स्वतः उठू लागल्या. पण सिस्टरांच्या कमरा धरल्या, आणि जेवणाचं सरकतं टेबल खाटेखाली शिरेना. सगळ्या खाटा कापायचा बेत सोडला. त्या सहा खाटा ज्या चालू शकतात त्यांनाच देतो. पूर्ण पडून असलेल्यांना उंच खाट. जेवण आता खुर्चीवर बसून. प्लॅस्टिकची खुर्ची घसरते म्हणून हातांच्या सहा लाकडी खुर्च्या एका देणगीदारांनी दिल्या. बसून जेवलं की ठसकाही कमी लागतो.

२१ ऑक्टोबर

नातेवाईक. सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला या सगळ्या कामाचा कणा वाटते. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनोए यांनी ८५२ वयस्कर रुग्णांवर हेच करून पाहिलं: दिवसातून तीनदा चालवणं, चष्मा-कानयंत्र, पाणी, शांत झोप, गप्पा, आज कोणता वार ते सांगत राहणं. १९९९ मध्ये ते छापून आलं. नेहमीच्या वॉर्डांत शंभरातल्या १५ जणांना भ्रम झाला, या वॉर्डात दहापेक्षा कमी जणांना. तिथे बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं.

आमच्याकडे स्वयंसेवक नाहीत. पण प्रत्येक खाटेपाशी एक लेक, सून, नात चोवीस तास बसलेली असते, आणि आम्ही तिला फक्त "बाहेर थांबा" आणि "हे औषध आणा" एवढंच सांगतो. आता भरतीच्या दिवशी वीस मिनिटं तिला शिकवतो: दंडाला धरून ओढायचं नाही, आजींना पुढे सरकून, पाय मागे घेऊन, स्वतः टेकून उठू द्यायचं, दर दोन तासांनी अर्धा पेला पाणी, चष्मा, दुपारी झोपू न देणं. सुरुवातीला छापील कागद दिला होता. तो पंख्याच्या वाऱ्यानं उडत जमिनीवर सापडायचा. करून दाखवलं की लक्षात राहतं.

अडचण: बरीच घरं रोज माणूस बदलतात. संध्याकाळी मुलगा येतो, त्याला काही माहीत नसतं. आणि मुलगे आईला संडासला न्यायला संकोचतात, डायपर बांधून मोकळे होतात. एका डायपरला साठ-सत्तर रुपये, दिवसाला तीन. त्या वेळेला मावशीच नेतात. यावर चांगला उपाय सापडलेला नाही.

१८ नोव्हेंबर

एसटीची पायरी. घरी जाऊन आठ दिवसांनी फोन करतो, त्यात कळलं की एक आजी तपासणीला आल्याच नाहीत. चालतात, जेवतात, पण बसच्या पहिल्या पायरीवर पाय चढेना. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, जीपला मात्र येऊनजाऊन तीनशे. फिजिओ मॅडम स्टँडवर जाऊन टेपनं पायरी मोजून आल्या. सुतारदादांकडून दोन टप्प्यांची लाकडी घडवंची केली, वरचा टप्पा पायरीच्या उंचीचा, शेजारी धरायला दांडा. १,६०० रुपये. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी प्रत्येक चालत्या आजींना त्यावर चढवून पाहतो. नाही जमलं तर घरच्यांना आधीच सांगतो की पुढची भेट फोनवर घेऊ.

९ डिसेंबर

पुन्हा दोन आठवड्यांची मोजणी, जूनसारखीच. २५ आजी. १९ जणी घरी स्वतः संडासला जात होत्या. डिस्चार्जला १५. उरलेल्या चौघींपैकी दोघींना पक्षाघात होता. दोघींच्या बाबतीत आम्ही कमी पडलो: एकींची लघवीची नळी शनिवारी काढायची राहिली, सोमवारी निघाली, आणि तोवर त्या उठल्याच नाहीत. नळीच्या पिशवीवर तारखेची चिठ्ठी होती, पण रविवारी बघणारं कुणी नव्हतं. आता रविवारच्या सिस्टरांच्या वहीत पहिली ओळ नळ्यांची आहे. आकडे लहान आहेत, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, असं सर म्हणाले. पडण्याच्या घटना जून ते डिसेंबर एकूण पाच, कठड्याची धरून.

एकूण खर्च, खुर्च्यांच्या देणगीशिवाय, १७,४६० रुपये. सगळ्यात जास्त पैसा संडासावर गेला, सगळ्यात जास्त वेळ लॅबशी आणि स्वतःच्या सवयींशी बोलण्यात.

१६ डिसेंबर

पुरुष वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर आज वही घेऊन आल्या. सोमवारपासून तिथे मोजणी सुरू. मी त्यांना आधी आजोबांजवळ बसून विचारायला सांगितलंय. तिथे गाऊनची अडचण नसेल कदाचित, दुसरी कुठली तरी असेल. फॅब्रिकेशनवाले दादा गुरुवारी येतायत. खडू मी पाकिटात ठेवलाय.